दाब गेल्यावर काय? ब्रिटानिया पुलापासून बूम लिफ्टपर्यंत आपत्कालीन उतरणीचा इतिहास

१/२४
उड्डाणपुलाच्या पोटाशी, जमिनीपासून साठ फुटांवर, बूम लिफ्टच्या बास्केटमध्ये दोन कामगार उभे आहेत. खालच्या इंजिनाची घरघर अचानक थांबते. जॉयस्टिक हलवली तरी बूम हलत नाही. तो खालीही येत नाही. होता तिथेच उभा राहतो. अशा वेळी दोन प्रश्न पडतात. दाब निर्माण करणारे यंत्रच बंद पडले, तर ही बास्केट अजून कशाच्या आधारावर वर आहे? आणि ती माणसे आता खाली कशी येणार? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी एकोणिसाव्या शतकाने मोठी किंमत मोजली. दुसऱ्याचे उत्तर अर्धे यंत्रात आणि अर्धे जमिनीवर उभ्या असलेल्या माणसात आहे. हा धागा त्या दोन उत्तरांच्या इतिहासाचा.

२/२४
मूळ तत्त्व सतराव्या शतकातले. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्कालने मांडले. त्याचा यासंबंधीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान दट्ट्यावर थोडे बल लावावे आणि मोठ्या दट्ट्याने प्रचंड वजन उचलावे, ही किमया याच नियमातून येते. कागदावर हे तत्त्व सोपे आहे. ते लोखंडात उतरवायला मात्र सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा या कारागिराने १७९५ मध्ये आपल्या जलदाब यंत्राचे पेटंट घेतले आणि पास्कालचा नियम कारखान्यात आला.

३/२४
ब्रामापुढची खरी अडचण गळतीची होती. दट्ट्या सिलिंडरमध्ये सहज सरकला पाहिजे, तर दोघांमध्ये फट हवी. पण फट ठेवली की दाबाखालचे पाणी तिथूनच निसटते. फट घट्ट आवळून बंद करावी, तर दट्ट्या अडकतो. यावरचा तोडगा त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्ले या तरुण कारागिराच्या नावाने ओळखला जातो: वाटीच्या आकाराचे कातडी सील. पाण्याचा दाब वाढला की वाटीची कड फाकून दट्ट्याला अधिक घट्ट बिलगते. दाब उतरला की ती सैल पडते. आजच्या हायड्रॉलिक सिलिंडरमधील सिले रबराची व कृत्रिम पदार्थांची असतात, पण त्यांच्या कामाची रीत बव्हंशी तीच आहे.

४/२४
जलदाब यंत्राने उचललेले वजन यंत्र फुटल्यावर कुठे जाते, या प्रश्नाची सर्वांत प्रसिद्ध परीक्षा १८४९ मध्ये वेल्समध्ये झाली. मुख्य भूमी आणि अँगलसी बेट यांच्यामधील मेनाय सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सन रेल्वेसाठी ब्रिटानिया पूल बांधत होता. हा पूल म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या प्रचंड चौकोनी नळ्या. गाड्या त्यांच्या आतून जाणार होत्या. मुख्य गाळे ४६० फुटांचे, आणि अशा एकेका नळीचे वजन सुमारे दीड हजार टन. नळ्या किनाऱ्यावर तयार करून, तराफ्यांवरून प्रवाहात नेऊन, मनोऱ्यांवर बसवलेल्या जलदाब यंत्रांनी साखळ्यांच्या साहाय्याने सुमारे शंभर फूट वर उचलायच्या होत्या.

५/२४
स्टीफन्सन त्या काळात पोळलेला होता. दोनच वर्षांपूर्वी, मे १८४७ मध्ये, चेस्टरजवळ डी नदीवरील त्याचा बिडाचा पूल आगगाडीखाली मोडला आणि पाच माणसे दगावली होती. मेनायच्या कामावर त्याने एक कडक आदेश दिला. यंत्राचा एक टप्पा सहा फुटांचा असला, तरी नळी सहा फूट उचलून मग खाली बांधकाम करायचे नाही. नळी जसजशी इंचाइंचाने वर सरकेल, तसतसे तिच्या टोकाखाली लाकडी ठोकळे सारत जायचे आणि मागोमाग पक्के बांधकाम चढवायचे. या पद्धतीने काम रेंगाळत होते, आणि यंत्रे तर उत्तम चालत होती. तरीही स्टीफन्सन आदेशापासून हटला नाही.

६/२४
१७ ऑगस्ट १८४९ रोजी नळी वर जात असताना एका जलदाब यंत्राच्या बिडाच्या सिलिंडरचा तळच तुटून निखळला. तो अवजड तुकडा खाली कोसळला आणि त्याने एका कामगाराचा जीव घेतला. नळीचे ते टोक निराधार झाले आणि खाली आले. पण नऊ इंचांहून अधिक नाही. तेवढ्या धक्क्यानेही खालचे भरभक्कम ओतीव भाग चिरडले गेले. मात्र नळी वाचली. ठोकळे नसते, तर ती सामुद्रधुनीच्या तळाशी गेली असती. सिलिंडरचा सपाट तळ जिथे उभ्या भिंतीला काटकोनात मिळत होता, तोच कोपरा कमजोर ठरला होता. दुरुस्तीनंतर काम पुढे सुरू झाले आणि मार्च १८५० मध्ये पूल वाहतुकीस खुला झाला.

७/२४
या घटनेतून निघणारा धडा पुढच्या पावणेदोनशे वर्षांना पुरला. उचलणारी शक्ती आणि तोलून धरणारा आधार यांची जबाबदारी एकाच भागावर टाकू नये. उचलणारा भाग कधीतरी फुटेल असे गृहीत धरावे आणि वजन धरून ठेवण्याची सोय त्याच्यापासून वेगळी करावी. स्टीफन्सनचे नाव महाराष्ट्राला परके नाही. तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार अभियंता होता, आणि मुंबई-ठाणे मार्ग व पुढे भोर घाटाची आखणी करणारा जेम्स बर्कले त्याच्याच हाताखाली तयार झाला होता.

८/२४
याच सुमारास न्यूकॅसलचा विल्यम आर्मस्ट्राँग पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या याऱ्या बनवू लागला. त्याची पहिली यारी १८४६ मध्ये न्यूकॅसलच्या धक्क्यावर शहराच्या नळाच्या पाण्यावर चालली. पण नळाचा दाब दिवसभर सारखा राहत नसे. त्यावर त्याने दाबसंचयकाची कल्पना आणली: उभ्या सिलिंडरमधील दट्ट्यावर टनावारी वजन ठेवायचे, वाफेच्या इंजिनाने पाणी भरून ते वजन वर चढवायचे, आणि गरज पडेल तेव्हा ते वजन खाली येताना दाब देत राहील अशी योजना करायची. इंजिन काही काळ थांबले तरी दाब शिल्लक राहू लागला. मुख्य यंत्र बंद पडल्यावर कामी येणारी राखीव शक्ती या कल्पनेतून आकाराला आली.

९/२४
आर्मस्ट्राँगच्या पद्धतीने जगभरातील बंदरांचे रूप बदलले. मुंबईत १८८० मध्ये सुरू झालेल्या प्रिन्सेस डॉकमध्येही जलदाबावर चालणाऱ्या याऱ्या होत्या. लंडनमध्ये तर १८८३ पासून एका कंपनीने रस्त्यांखालून नळ टाकून दाबाचे पाणी विकायला सुरुवात केली. गोदामांतील याऱ्या, हॉटेलांतील लिफ्ट, नाट्यगृहांतील यंत्रे त्या पाण्यावर चालत आणि ही सेवा १९७७ पर्यंत टिकली. टॉवर ब्रिजचे उघडणारे पंखही १८९४ पासून ऐंशीहून अधिक वर्षे पाण्याच्या दाबावर हलत होते. या सगळ्यात बहुतेक वेळा उचलला जाणारा भार म्हणजे माल. माणूस उचलायचा म्हटले की हिशेब बदलतो.

१०/२४
दोराला टांगलेल्या लिफ्टपुरता हा हिशेब एलिशा ओटिसने मांडला. न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात १८५४ मध्ये तो स्वतः उघड्या फलाटावर उभा राहिला, तो फलाट वर उचलायला लावला आणि मग धरून ठेवणारा दोर कापायला सांगितला. फलाट काही इंच घसरला आणि थांबला. दोरातील ताण हाच एका कमानी स्प्रिंगला वाकवून ठेवत होता. ताण गेला की स्प्रिंग सरळ होई आणि तिची टोके बाजूच्या दातेरी रुळांत अडकत. पकड बसवायला कुणी काही करावे लागत नसे. बिघाड झाला की तो बिघाडच सुरक्षेची कळ दाबतो, अशी ही रचना होती.

११/२४
जलदाब लिफ्टला हे भय नाही, असे पुष्कळांना वाटे. खाली भक्कम दट्ट्या आहे, दोर तुटण्याचा प्रश्नच कुठे? पॅरिसच्या ग्रँड हॉटेलमध्ये १८७८ मध्ये हा विश्वास मोडला. तेथील लिफ्टचा पाळणा आणि त्याला खालून उचलणारा दट्ट्या यांना जोडणारा भाग तुटला. दट्ट्याचे वजन तोलण्यासाठी पाळण्याला साखळ्यांनी प्रतिभार जोडलेले होते. दट्ट्या सुटताच पाळणा हलका झाला आणि प्रतिभारांनी त्याला वेगाने वर खेचले. वर आदळल्यावर साखळ्या तुटल्या आणि पाळणा कोसळला. आतील तिघांचा मृत्यू झाला. आधार कोणत्या सांध्यावर उभा आहे, हे प्रत्येक यंत्राबाबत वेगळे तपासावे लागते, हे या अपघाताने दाखवले.

१२/२४
विसाव्या शतकात पाण्याची जागा तेलाने घेतली. तेल थंडीत गोठत नाही, लोखंडाला गंज चढू देत नाही आणि पंपाच्या भागांना वंगणही पुरवते. त्यामुळे दाबयंत्रे लहान झाली आणि गाडीवर बसवता येऊ लागली. १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियातील जे आयटेल याने चेरी तोडताना शिडी पुन्हा पुन्हा हलवण्याचा त्रास टाळण्यासाठी टोकाला बास्केट असलेला हायड्रॉलिक हात तयार केला. चेरी पिकर हे नाव तिथूनच रूढ झाले. फळबागेत जन्मलेले हे यंत्र लवकरच टेलिफोन आणि विजेच्या तारांचे काम करणाऱ्यांच्या हाती गेले.

१३/२४
शिकागोच्या अग्निशमन दलाचे प्रमुख रॉबर्ट क्विन यांनी १९५८ मध्ये असाच पन्नास फुटी बूम अग्निशमनाच्या गाडीवर चढवला. दशकभरानंतर पेनसिल्व्हानियात बूम लिफ्टचे आजचे रूप घडले. याऱ्यांच्या व्यवसायातून बाहेर पडलेले जॉन ग्रोव्ह प्रवासात असताना हूव्हर धरणाजवळ परांचीवरील दोन कामगारांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाल्याची घटना त्यांच्या कानावर आली, असे त्यांच्या जेएलजी कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. १९६९ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९७० मध्ये तिची पहिली बूम लिफ्ट विकली गेली. आज या प्रकारची काही उंच यंत्रे बास्केट १८५ फुटांपर्यंत नेतात.

१४/२४
बूम लिफ्टमध्ये तेलाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दोनशे पटींच्या घरात असतो आणि तो लवचिक होज पाइपांतून वाहतो. होज घासतो, उन्हाने तडकतो, फुटतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांनी म्हणूनच यंत्राच्या भागांची विभागणी केली. जो भाग निकामी झाल्यास बूम मुक्तपणे कोसळेल किंवा मुक्तपणे फिरेल, तो कळीचा भाग. त्याची ताकद किती असावी, हे ठरवण्यासाठी १९६९ च्या राष्ट्रीय मानकाचा आधार घेण्यात आला. इतर भागांनाही कामाच्या दाबाच्या किमान दुप्पट दाब सोसता आला पाहिजे, अशी अट घातली गेली. भाग कोणता आहे यापेक्षा तो गेल्यावर काय होईल, यावरून त्याचे महत्त्व ठरवणारी ही व्याख्या आहे.

१५/२४
स्टीफन्सनच्या लाकडी ठोकळ्यांचे काम बूम लिफ्टमध्ये एक झडप करते. ती होजच्या वाटेत कुठेतरी मध्ये नसते. थेट सिलिंडरच्या अंगावर बसवलेली असते. कारण उघड आहे. ती दूर असेल आणि दोहोंमधला होज फुटला, तर तिचा काही उपयोग नाही. बूम वर जाताना तेल या झडपेतून आत शिरते, पण परत बाहेर पडू शकत नाही. बूम खाली आणायचा असेल, तर पंप सिलिंडरच्या दुसऱ्या बाजूला तेल ढकलतो आणि त्या दाबाचा इशारा मिळाल्यावरच झडप उघडते. होज फुटला, पंप थांबला, इंजिन बंद पडले, की इशारा थांबतो आणि झडप बंद राहते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. बास्केट सिलिंडरमध्ये कोंडलेल्या तेलावर उभी असते.

१६/२४
पण याच उत्तरातून दुसरा प्रश्न निर्माण होतो. पडू नये म्हणून कुलूपबंद केलेला बूम मुद्दाम खाली आणायचा म्हटले तरी येत नाही, कारण झडप उघडणारा इशारा देणारा पंपच मेलेला असतो. म्हणून उतरण्याची शक्ती मुख्य इंजिनापासून वेगळी ठेवावी लागली. ती तीन रूपांत आढळते. बॅटरीवर चालणारा छोटा राखीव पंप. हाताने दांडा मारून चालवायचा पंप. आणि काही यंत्रांवर, हाताने हळूहळू उघडायची झडप, जिच्यातून तेल टाकीत परतते आणि बूम स्वतःच्या वजनाने खाली येतो. कोणत्या यंत्रात यांपैकी काय आहे आणि ते कुठे बसवले आहे, हे यंत्रागणिक बदलते. ते शोधण्याची वेळ बिघाडानंतरची नसावी.

१७/२४
उतरवण्याचा क्रम येथे निर्णायक ठरतो. वीस मीटर लांब पसरलेला बूम सत्तर अंशांत उभा असेल, तर त्याचे टोक बुडापासून आडव्या अंतरात सुमारे सात मीटरवर असते. तोच बूम न आखडता वीस अंशांपर्यंत खाली आणला, तर ते अंतर जवळजवळ एकोणीस मीटर होते. वजन तेच राहून उलटवणारा जोर अडीच पटींहून अधिक वाढतो आणि यंत्र कलंडू शकते. आधी बूम दहा मीटरपर्यंत आखडून मग खाली आणला, तर हे अंतर साडेनऊ मीटरच्या आत राहते. म्हणून सरकत्या बूमचा नियम असा: प्रथम आखडणे, मग खाली घेणे. घाबरलेल्या माणसाला मात्र आधी थेट खाली यावेसे वाटते.

१८/२४
खालची जागा मोकळी नसेल, तर आणखी गुंता होतो. बास्केट छताच्या कठड्यावर किंवा यंत्रसामग्रीवर असेल, तर आधी बूम बाजूला फिरवावा लागतो. बऱ्याच यंत्रांत फिरवणाऱ्या दातेरी चक्राच्या टोकाला पाना लावून ते हाताने, संथपणे फिरवता येते. बास्केटचा कठडा एखाद्या तुळईत अडकलेला असताना सिलिंडरमधील तेल सोडत राहणे सर्वांत घातक. बूम ताणला जातो, त्यात धनुष्यासारखी शक्ती साठते आणि अडकलेला भाग सुटताच बास्केट उसळते. त्या वेळी हार्नेसचा दोर बास्केटच्या ठरवून दिलेल्या कडीला अडकवलेला नसेल, तर माणूस बाहेर फेकला जाऊ शकतो.

१९/२४
उतरवण्याची शक्ती कुणाच्या हाती असावी, हा प्रश्न नियमकारांनीही विचारात घेतला. अमेरिकी नियमांनुसार अशा यंत्राला वर बास्केटमध्ये आणि खाली बुडाशी, अशी दोन ठिकाणी नियंत्रणे असली पाहिजेत आणि खालच्या नियंत्रणाला वरच्यावर मात करता आली पाहिजे. पण त्याच नियमाने पुढची मर्यादाही घातली आहे. आणीबाणी वगळता, वरच्या माणसाची परवानगी घेतल्याशिवाय खालच्याने नियंत्रणाला हात लावायचा नाही. वरच्याच्या डोक्याशी तुळई आहे की तार, हे खालच्याला दिसेलच असे नाही. त्याने चुकीची कळ दाबली, तर त्याची शिक्षा वरच्याला होते. म्हणून अधिकार खालच्याला दिला गेला आणि संमती वरच्याकडे राखली गेली.

२०/२४
कधी संमती देणारा शुद्धीवरच नसतो. बास्केट वर नेताना माणूस छताची तुळई आणि नियंत्रणफलक यांच्यामध्ये चेंगरला गेल्याच्या दुर्घटना ब्रिटनमध्ये वारंवार घडल्या. छाती कळींवरच दाबली गेल्याने यंत्र थांबण्याऐवजी आणखी रेटा देत राहू शकते. याविषयी तेथील बांधकाम क्षेत्राने २०१० मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. त्यातील आग्रह साधा आहे: जमिनीवर कुणीतरी असे हवे की ज्याला खालची नियंत्रणे चालवता येतात, आणि ज्याने ती त्याच यंत्रावर आधी चालवून पाहिली आहेत. चेंगरलेल्या माणसाकडे मिनिटेच असतात. अग्निशमन दलाची वाट पाहण्याइतका अवधी त्याला मिळत नाही.

२१/२४
यंत्र थांबले की ते बिघडलेच, असेही नाही. लाल आणीबाणी बटण चुकून दाबले गेलेले असते, चावी खालच्या नियंत्रणावर वळवलेली असते, पायाखालचा पेडल सुटलेला असतो, किंवा जमीन कलल्याने वा भार जास्त झाल्याने यंत्राने स्वतःच हालचाल रोखलेली असते. शेवटच्या दोन बाबतींत तो इशारा दाबून टाकणे म्हणजे संकट ओढवून घेणे. गळती दिसली, तर हात लावून भोक शोधू नये. दाबाखालच्या तेलाची केसाएवढी धार कातडीत घुसते. जखम सुई टोचल्याएवढी दिसते आणि फारशी दुखत नाही, पण आत तेल पसरून हात गमावण्याची पाळी येऊ शकते. अशी टोचणी लागल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे लागते.

२२/२४
या अनुभवांचा शेवट कायद्यात झाला. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनी माणसे उचलणाऱ्या साधनांची दर सहा महिन्यांनी सखोल तपासणी बंधनकारक केली. उंचावरील कामाच्या २००५ च्या नियमांनी आणखी एक पाऊल टाकले: कामाचे नियोजन करतानाच आणीबाणी आणि सुटकेचेही नियोजन झाले पाहिजे. भारतात २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे अठ्ठाविसावे कलम कारखान्यांतील उद्वाहकांसाठी सहा महिन्यांची तपासणी सांगत होते आणि एकोणतिसावे कलम इतर उचलयंत्रांसाठी वर्षाची. तपासणीने झडप आणि होज यांची अवस्था कळते. खाली उभ्या असलेल्या माणसाला उतरवता येते की नाही, हे मात्र सराव घेतल्याशिवाय कळत नाही.

२३/२४
आज पुण्या-मुंबईत मेट्रो स्थानकांपासून काचेच्या इमारतींपर्यंत बूम लिफ्ट दिसते. ती भाड्याने आली, सोबत एकच ऑपरेटर आला आणि तोच बास्केटमध्ये चढला, तर राखीव पंपाची कळ जमिनीवर असूनही ती चालवणारा जमिनीवर उरत नाही. खाली थांबलेल्या मदतनिसाला कुणी ती दाखवलेली नसेल, तर झडप, बॅटरी, हातपंप हे सारे असूनही नसल्यासारखे होते. मग वरचा माणूस वाट पाहून कंटाळतो आणि कठडा ओलांडून बूमवरून खाली उतरू पाहतो. कोंडलेल्या तेलाने त्याला सुरक्षित धरून ठेवलेले असते. तो आधार तो स्वतःहून सोडतो. यासाठीच अडकलेल्याला पहिली सूचना हीच दिली जाते: बास्केटमध्येच थांबा, हार्नेस काढू नका, खालच्याशी बोलत राहा.

२४/२४
काम सुरू करण्यापूर्वी बास्केट थोडी वर न्यावी, मुख्य इंजिन बंद करावे आणि खालच्या माणसाने राखीव व्यवस्थेने ती खाली आणावी, एवढी तालीम काही मिनिटांत होते. बूम कुणी हात न लावता हळूहळू खाली सरकताना दिसला, तर झडप किंवा सील गळत आहे असे समजून यंत्र बाजूला काढावे. आणि एकदा आपत्कालीन उतरण करावी लागली, तर दुरुस्ती व तपासणीशिवाय ते पुन्हा वापरू नये. मेनायवर इंचाइंचाने ठोकळे सारणाऱ्या मजुरांना ते काम निरर्थक वाटले असणे शक्य आहे. यंत्र तर व्यवस्थित चालत होते. १७ ऑगस्टला ते फुटले, तेव्हा नळी नऊ इंचांवर थांबली.